राहुकाळातला कॅमेरा

देवी कुणाचं ऐकते आणि कुणाचं किती लवकर ऐकते, ह्याचा काही नेम नाही. महानंदाक्कांचं तिनं फारच लवकर ऐकलं, आणि तिथूनच सगळी पंचाईत सुरू झाली.

त्याचं असं झालं. महानंदाक्कांचे यजमान वासुदेवराव वीजमंडळातून निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे स्वयंपाकघरात बसले. कुकरची तिसरी शिट्टी दुसरीपेक्षा उशिरा का झाली, फोडणीला एवढं तेल कशाला, डाळ रात्री भिजत घातली असती तर गॅस किती वाचला असता, ही चौकशी सकाळपासून चाले. निपाणीच्या माहेरात वाढलेल्या आणि कानडी मुलखातल्या बनशंकरीच्या सासरी मुरलेल्या महानंदाक्का तशा मवाळ बोलण्याच्या. उलट उत्तर त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे केलं ते एवढंच, की दर मंगळवारी राहुकाळात देवीपुढे लिंबाचे दिवे लावायचा नवस बोलल्या. 'आई, ह्यांना बाहेरचं काहीतरी काम दे.'

आपल्याकडे राहुकाळ म्हटला की माणूस उंबऱ्यातला पाय मागे घेतो. पण इकडच्या बायकांची रीत अशी, की त्याच अशुभ वेळी देवीकडे जायचं. लिंबू चिरायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करून तिची वाटी करायची, तुपाची वात लावायची. मंगळवारी तीन ते साडेचार. साडेचारला राहुकाळ संपला की संपला. त्यानंतर लावलेला दिवा म्हणजे नुसतं लिंबू.

नवसाचे मंगळवार अजून निम्मेही झाले नव्हते, तोच देवीनं काम धाडून दिलं.

त्यांच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, तोंडाशी जो चौक आहे, तिथल्या सिग्नलवर वाहतूक पोलीस खात्यानं कॅमेरा बसवला. लाल दिवा मोडला की फोटो. पण हे होतं प्रायोगिक. कॅमेरा कधी चालावा, फोटोत काय दिसावं, पकडलेल्या माणसाचं म्हणणं कुणी ऐकावं, ह्याचे नियम रहिवाशांच्या समितीनंच सुचवावेत, असं ठरलं. वासुदेवराव अध्यक्ष झाले. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्या नाहीत.

महानंदाक्का मनातून धास्तावल्या मात्र. देवीनं उधारीवर दिलं होतं. आता आपला एक मंगळवार जरी चुकला, तर दिलेलं ती परत नेणार, आणि हे पुन्हा फोडणीशी येऊन उभे राहणार.

समितीची पहिली बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात झाली. खात्यातर्फे नागराज नावाचे तरुण इन्स्पेक्टर आले होते. ते प्रत्येक गोष्टीला "सरी सर, सरी" म्हणत, म्हणजे कानडीत 'बरं', आणि लिहून घेत.

"कॅमेरा हवाच," वासुदेवरावांनी सुरुवात केली. "शिस्त म्हणजे शिस्त. फक्त, सकाळी सहा ते सात नको. आम्ही फिरायला जातो, परत येताना जरा घाई असते."

"आणि शाळेच्या वेळेला नको हं काका," कस्तुरी म्हणाली. ती पुण्याहून आलेली, संगणकातली नोकरी, समोरच्या इमारतीत राहायची. "मुलाची बस चुकली की माझा पूर्ण दिवस क्रॅश होतो. आणि संध्याकाळी सर्जापूर रोडवरून दोन तास घासत आल्यावर शेवटच्या सिग्नलला कोण थांबणार? बी प्रॅक्टिकल!"

"दुपारी माझं जेवण झालं की मी डबा घेऊन मुलीकडे जातो," शेषगिरीराव म्हणाले. हे शेजारचे. स्कूटर चालवताना ते डोळे मिटून रामनाम घेतात, असा त्यांचा लौकिक होता. "आणि एक सांगतो, फोटो मागूनच काढायचा. नंबर दिसला, बास झालं. गाडीवर मागे कोण बसलंय ते सरकारला कशाला?"

"तुमच्या मागे कोण बसतं हो, शेषगिरीअण्णा?" कस्तुरीनं विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे!" शेषगिरीराव इतक्या जोरात म्हणाले की तो नियम ताबडतोब मंजूर झाला.

असं करत करत ज्याची त्याची वेळ वगळता कॅमेऱ्याला वेळच उरेना. नागराजांची लेखणी हवेत थांबली. "सर, स्वल्प तरी वेळ द्या. मशीन बसवलंय."

तेव्हा वासुदेवरावांना ती युक्ती सुचली. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढून टेबलावर ठेवलं. "राहुकाळात लावा. रोज दीड तास. त्या वेळी आपल्यातला कुणी शहाणा माणूस बाहेर पडतच नाही. जो पडेल तो बाहेरचा, आणि बाहेरचाच पकडायचाय आपल्याला."

"सर, पण ती वेळ रोज बदलते?"

"बदलतेच. कुणाला सवय लागायला नको."

"पण सोमवारी साडेसात ते नऊ म्हणजे शाळाच की!" कस्तुरीनं फोनवर बघून सांगितलं.

"मग सोमवारी कॅमेऱ्याला सुट्टी."

महानंदाक्का कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, मंगळवारी आम्ही बायका..." त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज तो केवढा! वर पंखा गरगरत होता, खाली टाळ्या वाजत होत्या. नागराजांनी तेवढं ऐकलं आणि वळून म्हणाले, "साखर स्वल्प कमी, अम्मा."

शिवाय दंड नको, असं ठरलं. पैशानं माणूस सुधारत नाही, त्याला लाज वाटली पाहिजे, असं वासुदेवरावांचं मत. पकडलेल्याची रविवारी समितीपुढे सुनावणी व्हायची, आणि दोष सिद्ध झाला तर त्यानं पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी 'थांबा' असा फलक धरून चौकात उभं राहायचं. नागराज म्हणाले, सरी.

पुढचे दिवस लेआउटात राहुकाळाला जी प्रतिष्ठा आली, ती कुठल्या शास्त्रीबुवांना आणता आली नसती. कस्तुरीनं फोनमध्ये राहुकाळाचा गजर लावला. देवाला कधी हात न जोडणारे लोक घड्याळ बघून बारा वाजता म्हणू लागले, "आत्ता नको, दीडनंतर निघू." चौक त्या वेळी इतका शांत असे की दिवा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, आणि बघायला कुत्रंही नसायचं.

असायच्या त्या फक्त लिंबं घेतलेल्या बायका.

त्या मंगळवारी महानंदाक्कांना निघायला उशीर झाला. वासुदेवरावांनी समितीच्या फायलीला पुठ्ठा शोधायला लावला होता. चौकात आल्या तर दिवा लाल. देऊळ पलीकडे दिसतंय, राहुकाळ संपत आलाय, डिकीत लिंबं. रस्ता मोकळा. त्यांनी देवीचं नाव घेतलं आणि स्कूटी पुढे काढली. वरून लखकन उजेड पडला. दिवे मात्र वेळेत लागले.

रविवारी सकाळी इडली खाता खाता वासुदेवराव हळूच म्हणाले, "नंदा, दुपारी सुनावणी आहे. पिवळा होता म्हण."

"लाल होता."

"तुला तसा वाटला असेल. ऊन होतं."

"अहो, माझं व्रत चालू आहे. कांदा खात नाही मी, खोटं कशी बोलू?"

"खोटं कुठे आहे ते? रंगाबद्दलचं मत आहे!"

महानंदाक्कांनी त्यांच्या पानात चटणी वाढली. ते मत त्यांच्याजवळ नव्हतं.

सुनावणी लेआउटच्या सभागृहात झाली. आधी शेषगिरीराव. शनिवारी पकडले गेले होते. त्यांनी सांगितलं, गाडी माझी, नंबर माझा, पण त्या वेळी मी घरी झोपलो होतो. कॅमेऱ्याची काहीतरी गफलत आहे. नियमाप्रमाणे फोटोत माणूस दिसतच नव्हता. सुटले. मग कस्तुरी. शुक्रवारची. तिनं मागून ॲम्ब्युलन्स आली होती म्हणून सांगितलं. फोटोत ॲम्ब्युलन्स नव्हती, पण ती मागे होती, आणि मागून काढलेल्या फोटोत मागचं वाहन यावं की न यावं, ह्यावर एवढा घोळ झाला की तीही सुटली.

"श्रीमती महानंदा," वासुदेवरावांनी घसा खाकरला. "सिग्नल कोणत्या रंगाचा होता?"

"लाल होता, अहो."

सभागृहात हशा पिकला.

"म्हणजे... पिवळ्याकडे झुकणारा लाल?"

"कुंकवासारखा."

नागराजांना दया आली. "अम्मा, तुम्ही बघितला नसेल. उन्हात होतं असं."

"बघितला ना, बाळा. बघूनच गेले. राहुकाळ संपायला आला होता."

"पण काकू," कस्तुरीला खरंच कळेना, "राहुकाळात कोणी बाहेर पडतच नाही ना? म्हणून तर आपण ती वेळ..."

वासुदेवरावांनी सोबत आणलेल्या पंचांगाकडे पाहिलं, मग बायकोकडे. गेले कित्येक मंगळवार ती ह्या वेळी घराबाहेर असते, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पण मंगळवारी तीन ते साडेचार ते झोपलेले असत.

"दोष सिद्ध," ते शेवटी पुटपुटले.

"येत्या मंगळवारी नको," महानंदाक्का म्हणाल्या. "तो माझा नवसाचा शेवटचा मंगळवार आहे. बुधवारी दिवसभर उभी राहते हवं तर."

वासुदेवराव विरघळणार असं दिसताच शेषगिरीराव उठले. "नाही, नाही! नियम म्हणजे नियम. अध्यक्षांच्या घरात सवलत? मग आमच्यासारख्या सरळमार्गी माणसांनी बघायचं कुणाकडे?"

त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. सोडून दिलेल्यांनी जरा जास्तच.

देवळातल्या पुजाऱ्यांनी तोड काढली: बायकोच्या नवसाचा दिवा नवऱ्यानं लावला तरी चालतो, वेळेत लावला पाहिजे. सोमवारी महानंदाक्कांनी वासुदेवरावांना स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. पहिली साल उलटी करताना फाटली. दुसरी फाटली. तिसऱ्या लिंबाचा रस चष्म्यावर उडाला.

"ही रीतच चुकीची आहे," ते म्हणाले. "पणती का नाही लावत?"

"देवीला विचारा."

मंगळवारी त्या फलक घेऊन चौकात उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला होता. उन्हासाठी, लाजेसाठी नव्हे. बायका येत, त्यांना बघून थबकत. "अय्यो, महानंदाक्का, तुम्ही?" आणि दिवा हिरवा होईपर्यंत गप्प उभ्या राहत. चार वाजले. सव्वाचार झाले. वासुदेवरावांचा पत्ता नाही. ते घरी प्रत्येक वाटीत तूप सारखंच पडलं पाहिजे म्हणून चमच्यानं मोजत बसले होते, हे महानंदाक्कांना मागून कळलं.

अखेर ते आले. स्कूटरच्या पायदानावर ताट, ताटात लिंबाच्या वाट्या, आणि तोंड असं की ताट नव्हे, पेटतं घर घेऊन निघालेत. ते रेषेशी आले आणि दिवा लाल झाला.

"नंदा!" ते ओरडले. "पाच मिनिटं राहिलीत! कुणी नाही रस्त्यात. जाऊ ना?"

महानंदाक्कांनी देवळाकडे पाहिलं. एक 'जा' म्हटलं की नवस पुरा होत होता. स्वयंपाकघर कायमचं मोकळं होत होतं. त्यांच्या जिभेवर तो शब्द आलाही.

पण मग रविवार डोळ्यांपुढे आला. आपण लाल बघून गेलो, ते आपल्या माथी. आपण कबूलही केलं. हे मात्र आज लाल बघून जातील आणि रविवारी स्वतःच स्वतःची सुनावणी घेऊन त्याचा पिवळा करतील. तेही आपल्या दिव्यापायी. असला दिवा देवीनं घ्यायचा तरी कसा?

"थांबा!" त्या म्हणाल्या.

आयुष्यात एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या. वासुदेवरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ताट हललं, एक वाटी कलंडली, तूप चपलेवर ओघळलं. दिवा आपला सावकाश लाल राहिला. शंभर गाड्या असोत की एक, त्याला सगळं सारखंच. दोघं नवराबायको समोरासमोर उभी राहिली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच नवरा बायकोचं ऐकून थांबला होता.

हिरवा झाल्यावर ते गेले, तेव्हा साडेचारला जेमतेम दोन मिनिटं उरली होती. साडेचार झाले. महानंदाक्कांनी फलक खाली ठेवला, घरी आल्या, हातपाय धुऊन देवापुढे बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आता पुन्हा शिट्ट्या, पुन्हा डाळ, एवढंच मनात येत राहिलं.

दिवेलागणीला वासुदेवराव आले ते तरातरा.

"वेळेत लागले?" महानंदाक्कांनी विचारलं.

"नाही. रांगेत माझ्यापुढे सात बायका, आणि त्यातल्या दोघी मधूनच घुसलेल्या! मी पुजाऱ्यांना म्हटलं, हरकत नोंदवायची कुठे? त्यांच्याकडे तशी सोयच नाही! रांगेला दोरी नाही, वेळेचा फलक नाही. मी तासभर समजावलं त्यांना. शेवटी हात जोडून म्हणाले, वासुदेवअण्णा, तुम्हीच बघा हे आता. उद्यापासून रोज जातोय मी."

"रोज?" महानंदाक्कांनी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. जेवायला येईन तेवढा."

महानंदाक्का उठल्या. नवस तर मोडला होता, त्यात शंका नव्हती. आणि हे तर सकाळ-संध्याकाळ बाहेर जाणार होते, त्यातही शंका नव्हती. देवीची क्षमा मागावी की तिचे आभार मानावेत, हे काही ठरेना. त्यांनी एक नमस्कार केला आणि काय ते तिच्यावरच सोडलं.

बाहेर वासुदेवराव कागद शोधत होते. "आधी एक कॅमेरा बसवून घेतो," ते म्हणाले. "घुसणाऱ्या बायकांसाठी."

"बसवा," महानंदाक्का म्हणाल्या, आणि कुकर चढवला. "पण नियम करायला बसाल तेव्हा कॉफी दुसऱ्या कुणाला तरी आणायला सांगा. मी खुर्चीवर बसणार आहे."