पुढच्या चाकाची ओरड

मी एक डिस्क आहे, मित्रांनो. जुनी-बिनी नाही हं, चांगली तरणीताठी! अवंतिकाच्या सायकलच्या पुढच्या चाकात बसते. गोल, पोलादी, अंगभर भोकं. माझ्या दोन बाजूंना दोन ब्रेकपॅड. अवंतिकानं ब्रेक दाबला की ते मला दोन्हीकडून चिमटीत धरतात अन् चाक थांबतं. एवढंच माझं काम. पण हे एवढं नसलं ना, तर आमच्या गोरखपुर मोहल्ल्यातल्या गल्लीच्या उतारावर काय होईल, विचार करून बघा!

कारखान्यात मला कापलं, घासलं, तापवलं. मी हूं की चूं केलं नाही. मग या सायकलवर आले. चिखल खाल्ला, धूळ खाल्ली. गायी आडव्या आल्या, ऑटोवाले आडवे आले, मी थांबवलंच. अवंतिका एकटी विजय नगरला बास्केटबॉल खेळायला जायची. कोणाच्या मागं बसून नाही, स्वतःच्या पायांनी. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, "क्या ब्रेक है यार!" मी आणखीच चमकायची.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या घरी सगळ्या यंत्रांची पूजा. शिलाई मशीन, मिक्सर, दादाची स्कूटर अन् आम्ही. हेमलता आत्या ताट घेऊन आली. कुंकू उडून जाऊ नये म्हणून ती ते तेलात कालवते. हँडलला लावलं, सीटला लावलं, मग तिची नजर माझ्यावर पडली. "अगं बाई, ही तर चांदीची थाळीच दिसून राहिली!" अन् माझ्यावर ऐसपैस स्वस्तिक काढलं. मागच्या चाकातली माझी बहीण स्टँडच्या आड होती, ती वाचली.

मित्रांनो, डिस्कला तेल म्हणजे विष! पॅडसुद्धा ते पिऊन बसतात. दुसऱ्या दिवशी अवंतिकानं ब्रेक दाबला अन् मी किंचाळले. कींईईई! गल्लीतली कुत्री जागी झाली. शेजारचे अंबादास काका गेटवर येऊन अवंतिकाच्या बाबांना म्हणाले, "काहून वो चंद्रशेखरजी, घरात मोर पाळला का?"

आता बाबांनी काय करावं? दार करकरलं की बिजागरीत तेल, तसंच इथं! शिलाई मशीनची कुप्पी आणली अन् माझ्यावर पिळली. मी दुप्पट ओरडले. अन् थांबवणं तर सुटलंच. उतारावर अवंतिकाला पाय घासत थांबावं लागलं, चप्पल तुटली.

"बस झालं," बाबा म्हणाले. "सोमवारपासून सौमित्रदादा तुला स्कूटरवर सोडेल. ही विकून टाकू."

"मी नाही बसणार दादाच्या मागं."

"ओरडू नको."

"मी ओरडून नाही राहिली बाबा, सांगून राहिली!"

अन् मी काय वेगळं करून राहिली होती?

अवंतिकानं अंगणात सायकल उलटी केली. पुढचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला. कींई! मागचं फिरवलं. चूप. परत पुढचं, परत मागचं. "दोघी एकाच दिवशी आल्या, मग पुढचीच काहून?" तिनं माझ्या भोकांच्या कडेनं बोट फिरवलं. बोट चिकट झालं. अन् लाल.

"आत्या! तू कुंकू कशात कालवते?"

"तेलात. काहून?" मग आत्यानं ते बोट पाहिलं अन् तिचा चेहराच उतरला. "अरे देवा. मीच बिघडवली का गं?"

"अर्धी तू, अर्धी बाबांनी. चलो, बस खाली."

दोघींनी मला स्पिरिटनं पुसलं. फडकं लाल, मग गुलाबी, मग पांढरंच राहिलं. पॅड मात्र तेलानं वाया गेले होते, ते अवंतिकानं गोहलपुरच्या दुकानातून नवे आणले. पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन बोल्ट तिनं ढिले केले. आत्यानं ब्रेक दाबून धरला, अन् तसाच दाबलेला असताना तिनं बोल्ट कसले. आता मी बरोब्बर मधोमध! मग नवे पॅड माझ्याशी रुळावेत म्हणून सपाट रस्त्यावर जोरात जायचं, ब्रेक दाबायचा, परत जायचं. सुरुवातीला मी जरा कण्हले. खोटं काहून बोलू?

बाबा गेटवर हाताची घडी घालून उभे. "सपाटीवर ठीक आहे. उतारावर?"

आत्या तरातरा चालत उताराच्या खाली गेली, पदर खोचला अन् रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "ये गं! माझ्या कुंकवानं बिघडली ना, माझ्यासमोरच थांबू दे!"

"ताई, बाजूला हो!" बाबा ओरडले. ती कसली हलते!

अवंतिका निघाली. वारा माझ्या भोकांतून शिट्टी मारून गेला. बाबा गेटवरून पळत सुटले. आत्यानं डोळे मिटले. अवंतिकानं ब्रेक दाबला, पॅडांनी मला धरलं, मी तापले, अन् मनात म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

कींई न करता चाक थांबलं, आत्याच्या निऱ्या हातभर पुढं होत्या.

आत्या तशीच, डोळे मिटून. "ये ना गं लवकर! अडकली कुठं?"

"आले ना आत्या. डोळे तर उघड."

बाबांनी धापा टाकत आधी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग घरात जाऊन तेलाची कुप्पी मशीनच्या खणात ठेवून आले. सोमवारी दादाची स्कूटर दारातच उभी राहिली.

तुम्ही आत्याला असं उभं करू नका हं, मित्रांनो! पण एवढं ऐका. आमची पूजा खुशाल करा, कुंकू मात्र घंटीला लावा. अन् कोणी ओरडलं तर लगेच तोंडात तेल ओतू नका. आधी विचारा, काहून ओरडून राहिली. नाही विचारलं, तर मी पुन्हा ओरडेन. अख्खी गल्ली जागी करीन!