येतं-जातं दुखणं

तीर्थपुरीच्या पुंजाराम मिस्त्रीचा कान असा, की रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर बाजेवर पडल्या पडल्या सांगायचा, मागच्या चाकाचा तिसरा नट ढिला आहे आणि ड्रायव्हर बायकोशी भांडून आलाय. पहिलं गावानं चारदा तपासून पाहिलं होतं. दुसरं तपासायची कधी गरज पडली नाही. पण एवढ्या कानाचा माणूस एका तऱ्हेच्या गाडीला मात्र हात लावत नसे. कधी बंद पडते, कधी पडत नाही, अशी येत्या-जात्या दुखण्याची गाडी आली की म्हणायचा, "बंद पडली की आणा."

"बंद पडल्यावर आणू कशी, मिस्त्री?"

"मंग चालू हाय तर मी बघू काय?"

याला कारण एक रातकिडा. एका सरपंचाच्या जीपमध्ये कुईकुई वाजायचं. पुंजारामनं आठ दिवस घालून जीप नटानटानं सोडली आणि शेवटी डॅशबोर्डातून रातकिडा काढून सरपंचाच्या तळहातावर ठेवला. किडा चिमणीएवढा होता, असं पुंजाराम सांगतो. ते सोडा. सरपंच म्हणाले, "किडा काढायचे कशाचे पैसे?" आणि चहा पाजून गेले. त्या चहात पुंजारामचं ज्ञान मुरलं. लोक डबीतल्या नव्या पार्टाचे पैसे देतात, डोक्याचे देत नाहीत. बदलायचं ते बदलावं, शोधायचं ते दुसऱ्या गॅरेजला धाडावं.

एक दिवस अंगद नावाचा माणूस अशीच गाडी घेऊन आला; ती जालन्यातली तीन गॅरेजं फिरून आली होती. बॅटरी नवी, प्लग नवे, कॉइल नवी, आणि गाडी बंद पडायची ती पडतच होती. मागच्या सीटवर डाव्या हाताला त्याची आई तुळजाबाई बसलेली.

"सांगायला लाज वाटती," अंगद हळूच म्हणाला, "पण आई बसली की बंद पडती. उतरली की चालू. आमची बायको दैवशाला तर म्हणून राह्यली, आत्याबाईचा पायगुणच तसा. उद्या आष्टीला मावशीच्या नातीचं लगीन हाय. आईला एसटीची पायरी चढवत न्हाई. म्हणलं, ठिवूनच जावं."

तुळजाबाईंना सगळं ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, "मी ऱ्हाते की घरी. गाडीला बरं वाटू द्या."

"बंद पडली की आणा" हे पुंजारामच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. सत्तरीची बाई स्वतःच्या पायाचा निकाल ऐकायला गॅरेजात आली होती. आणि निकाल द्यायचा कुणी, तर मिस्त्रीनं.

"अंगदराव, तुम्ही स्टँडवर जाऊन बसा," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही जागच्या हलू नका."

त्यानं गाडी शेतरस्त्याला घातली. पहिल्याच दणक्याला बंद. तुळजाबाई उतरल्या, चालू. त्यांना पुढं बसवलं, पाच फेऱ्या मारल्या, गाडीनं हूं की चूं केलं नाही. पुन्हा मागं बसवलं, पुन्हा बंद. तुळजाबाईंचं तोंड एवढंसं झालं. पुंजाराम डोकं खाजवत परत आला आणि शेजारच्या दुकानातून ज्वारीचं पोतं आणून त्यांच्या जागेवर ठेवलं. दणका बसला. गाडी बंद.

"आता बोला, मावशी. पोत्याचा पायगुण कसा हाय?"

तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

मग त्यानं सीट उचकटली. खाली लाल खणाचं पुडकं होतं. आत हळकुंड, सुपारी आणि वाळून दगड झालेली खोबऱ्याची वाटी. वर वजन आलं की पुडकं इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या वायरीवर दाबायचं आणि वायर जोडातून सुटायची; वजन उतरलं की परत टेकायची.

तुळजाबाईंचं हसू गेलं. "नवी गाडी घरी आल्ती, सुनेवानी," त्या म्हणाल्या. "म्हणून ओटी भरली. कुणी हसू नये म्हणून सीटखाली सारली." मग पुडक्याकडं बघत म्हणाल्या, "म्हंजी माझ्यामुळंच की."

पुंजाराम चाकाशी टेकून बसला. आजवर त्याला वाटायचं, शोधणं अवघड. सापडलेलं हातात घेऊन बसणं त्याहून जड असतं, हे आज कळलं. खरं सांगितलं तर मजुरी बुडेल, त्याची त्याला सवय होती. पण उद्या मांडवात हीच गोष्ट जेवणाआधी वाढली जाईल, आणि ही बाई पंगतीत मान खाली घालून बसेल.

त्यानं वायरीला नवं टोक बसवलं, पुडकं तुळजाबाईंच्या पिशवीत घातलं आणि भंगाराच्या डब्यातून एक जुना रिले, काडेपेटीएवढा विजेचा खटका, काढून रॉकेलनं पुसला.

अंगद आला तेव्हा तो त्याच्या हातावर ठेवला. "हा गेल्ता."

"एवढासा? जालन्यात कुणालाच सापडला न्हाई?"

"तिथं शोधीत न्हाईत. शोधायला येळ कुणाला हाय?"

हातात पार्ट आला तसे अंगदनं घासाघीस न करता पैसे काढले. मग चाचरत म्हणाला, "आन् आईचं ते..."

"मावशी बसल्या म्हणून तर दोष सापडला," पुंजाराम म्हणाला, आणि यात मात्र त्यानं तीळभर खोटं घातलं नव्हतं. "त्या न्हाई बसल्या असत्या तर गाडीनं कवा तरी भररस्त्यात दगा दिला असता."

अंगदनं मागचं दार उघडून धरलं. तुळजाबाई पिशवी छातीशी घेऊन त्याला वळसा घालून पुढं गेल्या.

"मी इथं बसते," त्या म्हणाल्या. "उद्या आष्टीपस्तोर बी इथंच. मागं दैवशालाला बसू दे."

अंगदनं एकदा मिस्त्रीकडं पाहिलं, आणि आईचे गुडघे मावावेत म्हणून पुढची सीट मागं सरकवली.