दाराला चिकटवलेला कागद

दिल्लीच्या न्याय मंत्रालयाकडे परत जाणाऱ्या अहवालात चार रकाने होते. मी धम्मपाल, कोर्टाचा बेलिफ, ते पुन्हा भरतोय. कोणी मागितलेलं नाही.

१. कागद कुठून आला?
परदेशातल्या कोर्टातून मंत्रालयात, तिथून आमच्या कोर्टात, तिथून माझ्या पिशवीत. कल्पिता आजारी आईसाठी तिकडून वेसाव्याला आली होती, आईची मासळीबाजारातली जागा सांभाळत होती. तिच्या मागे नवऱ्याने, कृणालने, तिकडच्या कोर्टात घटस्फोट मागितला. सहा वर्षांची मुलगीही मागितली. हे पाकीट कल्पिताच्या हातात पडलं का, एवढंच मंत्रालयाने तिकडच्या न्यायाधीशाला खरं कळवायचं होतं. खरं कळायला मंत्रालयाकडे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

२. बजावणी कशी केली?
तेव्हा लिहिलं: दार बंद. ठावठिकाणा समजला नाही. दाराला चिकटवून बजावणी केली.
झालं ते असं. सकाळचे अकरा. शेजारच्या शांताबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या.
"मरोलच्या बाजारान गेलीय ती. दोनला येल. बस, चा पी."
"मावशी, मला एकला पवईला पोचायचंय."
"मंग मना दे."
नियमाने त्यांच्याकडे देता येत नव्हतं. थांबता येत होतं.
चिकटवला. खाऱ्या वाऱ्यात गोंद धरत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे.

३. बजावणी झाली नसल्यास कारण?
कोरं सोडलं. इथे 'भेट झाली नाही, पुन्हा जातो' एवढं लिहिलं असतं, तर तिकडचा न्यायाधीश थांबला असता. पण आम्हा बेलिफांना कामं वाटणारे नाझर काशीराम सकाळीच म्हणाले होते, "दिल्लीचं स्मरणपत्र आलंय रे. उडव ते आज."
उडवलं.

४. शेरा
आठ महिन्यांनी कल्पिता कोर्टात आली. हातात निकाल होता, मुलगी नवऱ्याकडे दिल्याचा. सोबत माझ्या अहवालाची नक्कल.
"ही सही तुमची?"
"हो."
"किती वाजता आलेलात?"
"अकरा."
"अकराला मासेवाली घरी सापडते काय हो? आणि शेजारी कोणी बोललं नाय?"
मी नक्कल तिच्याकडे परत सरकवली.
"वकील बोलतो, तुम्ही खरं लिहून दिलंत तर अपिलात उपयोग होईल."
मला निवृत्त व्हायला पाच महिने होते. म्हणालो, "विचार करतो."
"करा. दोनला मी घरी असते."
अपिलाची मुदत किती, ते मी विचारलं नाही.

(रकाने संपले. पुढचं समासात.)
बारापासून तिच्या पायरीवर बसलोय. शांताबाई सुकट निवडतायत. आज चहा विचारला नाही.
"आज थांबलास वाटतं," म्हणाल्या. मग सुकटीतला खडा बाजूला टाकून, "मुदत मंगलवारी गेली तिची. रडत होती पोर."
आज शुक्रवार आहे.
हा कागद गुडघ्यावर धरून सही केली. खाली तारीख आजचीच घातली. दोन वाजायला अजून वीस मिनिटं आहेत.