उलटी बसवलेली लेन्स

मी लेन्स बोलतेय. पण कुठल्या तोंडाने बोलतेय, ते माझं मलाच कळेनासं झालंय. मला उलटं बसवलंय.

तीस वर्षं मी मसाका गावच्या बाजारात, सेम्वांगांच्या फोटो स्टुडिओत सरळ होते. नवरा-नवरी, बाप्तिस्म्याची बाळं, नवे शिक्षक, सगळ्यांना ते सांगायचे, "हनुवटी जरा वर. हलू नका." एक मुलगी मात्र हसू आवरेना म्हणून चारदा हलली. तिच्याशीच त्यांनी लग्न केलं. पुढे घरोघर कॅमेऱ्याचे फोन आले, स्टुडिओ बंद पडला आणि मी कपाटात गेले.

गेल्या महिन्यात त्यांची लेक नाब्बोसा हिने मला काढलं, एक जोडकडी लावून स्वतःच्या कॅमेऱ्यावर पाठमोरं चढवलं आणि ती परसात पालथी पडली. मला वाटलं, पोरीला चक्कर आली.

"अगं, उलटी बसवलीस की," सेम्वांगा करवादले. "हिने तुझ्या आईला पाहिलंय. आता किडे पाहणार होय?"

"उलटी बसवली की बारीकसारीक दिसतं, बाबा."

त्यांच्या हातात कीटकनाशकाची बाटली होती. बायको वर्षापूर्वी गेली. मागे उरला तिच्या हातच्या बियांचा नाकाती भाजीचा वाफा. तो पिवळा पडत चालला होता आणि मातीत पांढरे ठिपके उड्या मारत होते. त्यांना मारलं की वाफा वाचेल, एवढंच सेम्वांगांना कळत होतं.

मी पाहिलं आणि चक्रावलेच. तिळाहून लहान जीव, पण माझी अख्खी चौकट भरून उरला. गोलमटोल, मिशा साफ करत बसलेला. जन्मभर मी माणसांना लहान करत आले. मग हा एवढा मोठा कसा? की मलाच म्हातारचळ लागला?

"हे कुजलेलंच खातात, बाबा. मुळं आधीच कुजलीत. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला देता?"

"मग चोर कोण?"

नाब्बोसाने चिखल झालेल्या मातीत बोट खुपसलं. "सकाळ-संध्याकाळ झारीभर पाणी कोण ओततं?"

सेम्वांगांनी बाटली खाली ठेवली. बायको गेल्यापासून ते दोन्ही वेळा वाफ्यापाशी उभे राहायचे. पाणी हे निमित्त. त्यांना तिच्याजवळ थांबायचं असायचं. मला त्यांची फार दया आली.

ते गुडघ्यांवर बसले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. तो जीव मान खाली घालून बसला होता.

"हनुवटी जरा वर," ते पुटपुटले. "हलू नका."

तो टुणकन उडाला. सेम्वांगा हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

बाटली आता कपाटात, माझ्या जागेवर आहे. नाकातीला दोन नवी पानं फुटलीत. सेम्वांगा अजून दोन्ही वेळा वाफ्यापाशी येतात, पण मला घेऊन. कोण लहान, कोण मोठं, माझं पुढचं तोंड कुठलं, हा गोंधळ काही सुटलेला नाही. तरी एक विनवणी आहे. मला सरळ करू नका. सरळ लेन्सला हे बारीक जीव दिसत नाहीत, आणि त्यांचे हात रिकामे झाले, तर ते पुन्हा झारी उचलतील.