डोंगराचा तपास

"हातमा लई देख, जड शे ना? सात पिढ्या पुरी!" नंदुरबारच्या बाजारात सुकलाल तांबटाने मला गिऱ्हाइकाच्या तळव्यावर ठेवताना काढलेले हे शब्द अजून माझ्या पोटात घुमतात. मित्रांनो, मी एक जुनी पितळी दौत आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे कोरीटचे शाळामास्तर हिलालगुरुजी. साल होते बावन्न.

गुरुजी रहस्यकादंबऱ्या लिहीत. पण त्यांच्या गोष्टीत मुडदा माणसाचा नसे, डोंगराचा असे. सातपुड्यातला साग कोण तोडतो, झरे का आटतात, याचा तपास पानोपानी चाले. पुण्याच्या प्रकाशकाने पत्र धाडले, "एक तरी खून घाला." गुरुजींनी टाक माझ्यात बुडवला आणि उत्तर लिहिले, "पहिल्याच पानावर पडला आहे. साग होता."

लिहिलेले प्रकरण ते सांजेला बायकोला वाचून दाखवत. कौसाबाईंना अक्षर येत नव्हते. कपाशीची बोंडे सोलत त्या ऐकत. हात थांबले की प्रकरण पास, नाही थांबले की पान फाटले! शेजारची धनुबाई हसे, "मास्तरले बी मास्तरीन शे!" रात्री घाटातून चालणाऱ्या लाकूडचोरीचे प्रकरण आले, तेव्हा तर कौसाबाईंच्या हातातून बोंडच गळाले. गुरुजी खूश झाले.

ते पुस्तक खूप गाजले. वाचनालयात त्याची पाने सुटेपर्यंत लोकांनी ते वाचले. मीही चिंचेने घासलेली, लकाकत असे.

मग सहासष्ट साली जंगलखात्याचे नाकेदार इंद्रसिंग ओट्यावर टेकले. चहा फुंकत म्हणाले, "गुरुजी, तुमनं पुस्तक वाचीसन सायबनी रातले घाटमा पहारा बसाडा. आमी मच्छर मारी ऱ्हायनूत, अन् चोर हासी ऱ्हायनात. निम्मं रान गये!"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माझे झाकण लावले आणि मला फळीवर ठेवले. "खरी वाट सापडी तवय लिहीसू. नईतं नई."

माझ्या तळाशी शाईची पापडी धरली. कोळ्याने गळ्याभोवती जाळे विणले. मित्रांनो, पितळ वापरात असले तरच उजळ राहते. मनातल्या शब्दाचेही तसेच आहे. त्याला फार दिवस झाकून ठेवू नका, आतल्या आत काळा पडतो.

दोन हंगाम गेले. एका सकाळी कौसाबाईंनी मला फळीवरून खाली काढले, धुतले, शाईची वडी विरघळवली आणि गुरुजींपुढे ठेवले.

"हाई कसाले?"

"लिवाले." त्या भिंतीला टेकून बसल्या. "वाट माले ठाऊक शे. लाकडं रातले जातस नई. भर दुपारले जातस, गाडीमा, कापूसना खाले. नाक्यावर कापूस कोन उपसस?"

"तुले कोनी सांगं?"

त्यांनी पदराला चिकटलेला कापूस वेचून काढला.

"गाडी मन्हा भाऊनी शे, खापर गावना वाहरूनी. लगीनना पयले वरला कापूस मीच रचेल शे."