ओल्या गिलाव्यावरचा दावीद

"हनुवटी वर. अजून थोडी. हां... आता हलू नकोस राजा. श्वाससुद्धा हळू घे."

चुना भिजल्याचा वास आला की धाकटीला अजून हा आवाज ऐकू येतो. तेव्हा बाबांचा आवाज तरुण होता आणि हात दगडासारखा स्थिर. खिडकीखालच्या उंच स्टुलावर दादा बसलेला असायचा, खांद्यावर मेंढीचं कातडं, गालावर उन्हाची तिरीप. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिथवर ऊन पोचत नसे, तिथे आई आणि धाकटी रंग वाटत बसायच्या. वाटता वाटता आई गुणगुणायची:

वाटिला गं लाल गेरू, वाटिला गं निळा
मेंढरांना लागे माझ्या राजाचा गं लळा

बाबा चर्चच्या भिंती रंगवायचे. संत रंगवले, देवदूत रंगवले, पण त्यांचा जीव जडला तो दावीद राजावर. टेकडीवरच्या चॅपेलात त्यांनी मेंढपाळ दावीद काढला, आणि तो दादा होता. दादाला मिसरूड फुटलं तेव्हा शाळेच्या प्रार्थनागृहात गोफण घेतलेला दावीद आला. तोही दादाच. त्या चित्रात दावीदानं मारलेल्या धिप्पाड गल्याथाच्या तुटलेल्या डोक्याला बाबांनी घरमालकाचा चेहरा दिला होता. घरमालक पुन्हा कधी त्या प्रार्थनागृहाची पायरी चढला नाही आणि आई आठवडाभर हसत होती. दवाखान्याच्या चॅपेलात वेड्या शौल राजापुढे वीणा वाजवणारा दावीद, तो दादा. फक्त वीणेवरची बोटं धाकटीची. दादाची बोटं आखूड होती. हातांपुरती धाकटी चालली.

आणि मोठ्या चर्चमध्ये, वेदीच्या उजव्या भिंतीवर, मुकुट घातलेला, ऐन पंचविशीतला दावीद. त्याच्यापुढे गावातल्या बायका मेणबत्त्या लावायच्या, आजारी पोरं आणायच्या, आणि मग पावाच्या दुकानासमोर त्याच चेहऱ्याला रांग मोडून पुढे घुसताना बघायच्या. कोण काय बोलणार? भिंतीवर ज्याच्यापुढे गुडघे टेकले, त्याला रस्त्यात 'मागे हो' कसं म्हणायचं? शाळेत मास्तरांनी कधी त्याला छडी मारली नाही. गल्याथाचं डोकं हातात धरणाऱ्याला छडी कोण मारणार! त्याचं खरं नाव घरातसुद्धा मागे पडलं. तो राजाच झाला.

आईला हे दिसत होतं. एकदा राजा शेजाऱ्याची काच फोडून आला आणि बाबांनी मुकाट्याने नवी काच बसवून दिली, तेव्हा रंगाच्या दगडावरून मान वर न करता ती म्हणाली, "दावीदानं सिंह मारला, अस्वल मारलं. पण पोटच्या पोराला 'तू असं का केलंस' एवढं विचारायची छाती काही त्याला झाली नाही. बायबलातच लिहिलंय."

"तू रंग वाट," बाबा म्हणाले.

तिनं रंग वाटला. पण त्या दिवशी तिच्या गाण्यात एक नवीन ओळ आली. धाकटीनं ती ऐकली आणि ऐकली नाही असं दाखवलं.

भावाच्या गं तोंडावर पडलेलं ऊन
सावलीला उभी बाई धाकटी बहीण

*

मोठ्या चर्चच्या छपराची पन्हळ फुटली आणि पाणी भिंतीत मुरलं. एका रविवारी, उपासना सुरू व्हायच्या आधी, दावीदाचा चेहरा गळून पडला. मुकुट राहिला, मान राहिली, खांदे राहिले. मधल्या जागी नुसत्या विटा. झाडूवाल्यानं चुऱ्याला केरसुणी लावली तशी बायकांनी त्याला धारेवर धरलं. चिमूट चिमूट चुरा रुमालात बांधून त्या घरी घेऊन गेल्या. राजाच्या गालाचा एक तुकडा म्हणे एकीनं उशीखाली ठेवलाय.

फादर घरी आले. बाबांच्या हातांना आता कंप सुटतो, चहाची बशीसुद्धा वाजते, हे त्यांना माहीत होतं. ते बाबांशी बोलले आणि बघत राहिले धाकटीकडे.

"ती करेल," बाबा म्हणाले. "तिला फक्त माझा कागद लावायचाय."

बाबांची रीत अशी होती. चेहरा आधी कागदावर काढायचा, मग त्याच्या रेघांवरून सुईनं बारीक भोकं पाडायची. भिंतीवर त्या दिवशी रंगेल तेवढाच ओला गिलावा चढवायचा, कागद त्याला लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा चेहरा उभा. मग गिलावा वाळायच्या आत रंग पुरा करायचा. ओल्या चुन्यात रंग मुरतो, दगड होतो. वाळलेल्यावर लावला तर पोपडे धरतो. उशीर झाला की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. ओला गिलावा कुणासाठी थांबत नाही. बाबांनी राजाचे सगळे कागद जपून ठेवले होते, मेंढपाळापासून मुकुटापर्यंत, गुंडाळी करून, सुती कापडात.

धाकटी हो म्हणाली नव्हती. पण तिला कुणी विचारलंही नव्हतं.

गिलावा चढवला त्या सकाळी चर्च रिकामं होतं. फादर आत कोठीत मेणबत्त्या रचून ठेवत होते. बाबा पहिल्या बाकावर मांडीवर कागदाची गुंडाळी घेऊन बसले होते, तान्हं पोर घेऊन बसावं तसे. बांबूच्या परांचीवर चढून धाकटीनं थापीनं गिलावा गुळगुळीत केला. मुकुटाची कड जुन्या रंगाला जोडली. केस काढले, मानेवरची सावली भरली. मग पुन्हा केसांकडे वळली.

"केस झाले," खालून बाबा म्हणाले.

"थोडे राहिलेत."

"झालेत. कागद घे."

"घेते."

तिनं ब्रश धुतला. पाणी बदललं. पुन्हा ब्रश धुतला. मधोमध मोकळी जागा ओली, करडी चमकत होती. त्या जागेत गेली दोन वर्षं तिनं गिळलेलं सगळं तिला दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खाटेवर आईनं तिचा हात धरून सांगितलं होतं. राजा पिऊन तर्र होता आणि गाडी घेऊन निघाला होता. आई जिन्यात आडवी आली, गाडीची किल्ली मुठीत घेऊन. त्यानं तिला ढकललं. घरभर मात्र एकच गोष्ट झाली, पाय घसरला. राजानंच ती पहिल्यांदा सांगितली, रडत रडत, आणि रडणं खोटं नव्हतं. "तूही तेच सांग," आई म्हणाली. "यांना कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ." आठवड्याभरात आई गेली. शपथ मागे राहिली, आणि ती वाहायला धाकटी.

दार करकरलं.

"आले, आले, दावीद आले!" राजाचा आवाज घुमटात घुमला. तो बोटाभोवती गाडीची किल्ली फिरवत आत आला, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. बाबांच्या टकलावर त्यानं ओठ टेकले. "काय म्हातारबा, पहारा चाललाय का?"

बाबांचा चेहरा उजळला. अजूनही उजळतो. धाकटीनं वरून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"छोटे," राजा मान वर करून म्हणाला, "नाक जरा सरळ काढ बरं का. मागच्या वेळी बाबांनी लांबवलं होतं."

"मोजून काढलं होतं," बाबा म्हणाले.

"आणि ही," त्यानं हनुवटीखालचं मांस चिमटीत धरलं, "ही दुसरी हनुवटी भिंतीवर नको."

"भिंतीवर तू पंचविशीतच आहेस," धाकटी म्हणाली. "तिथं तुझं काही वाढत नाही."

"म्हणून तर मला चर्चमध्ये यायला आवडतं!" तो मनापासून हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, हेच तर वाईट होतं. थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यानं बाबांच्या हातात दिला, ते हलतात म्हणून खाली आपला तळवा धरला. मग मोकळ्या जागेकडे बघत राहिला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "आई असती तर किती खूश झाली असती, नाही?"

धाकटीनं ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

"मी बाहेर आहे. एक सिगारेट ओढतो. माझं तोंड आलं की हाक मारा."

दार पुन्हा करकरलं. धाकटी परांचीवरून उतरली.

"कागद देतो थांब," बाबा सुती कापड सोडायला लागले. गाठ सुटेना.

"नका सोडू."

"वेळ जातोय. कडेनं सुकायला लागलाय बघ चुना."

"बाबा, मी त्याचा चेहरा लावणार नाही."

बाबांना आधी कळलंच नाही. "कागद फाटलाय का?"

"कागद चांगला आहे. मी लावणार नाही."

"मग कुणाचा लावशील?"

"कुणाचाही. पाववाल्याचा. फादरांचा. झाडूवाल्याचा लावते, बिचाऱ्यानं शिव्या खाल्ल्यात."

"थट्टा पुरे. लोक दावीदाला ओळखतात. इतकी वर्षं बघतायत."

"लोक राजाला ओळखतात, बाबा. दावीदाला इथं कुणीच ओळखत नाही. तुम्ही त्याला एकदा तरी मान खाली घातलेला काढलात? त्यानं दुसऱ्याची बायको ओढून आणली, तिच्या नवऱ्याला मरायला पाठवलं. मग देवाचा संदेष्टा येऊन तोंडावर बोलला आणि दावीद जमिनीवर पडून रडला. फादरांनी ते चित्र मागितलं होतं तुमच्याकडे. तुम्ही नाही म्हणालात."

"तसा चेहरा माझ्याकडे नव्हता."

"होता. स्टुलावर बसलेला होता."

बाबांनी चहाचं झाकण बाकावर ठेवलं. थोडा सांडला. "भावाचा इतका राग? त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"माझं नाही मारलं."

तिला वाटलं होतं, हे कधी बोललीच तर ओरडून बोलेल. आवाज निघाला तो रंग मागताना निघतो तसा, साधा.

"आई पाय घसरून पडली नाही, बाबा. त्यानं ढकललं तिला. किल्लीसाठी. तिनंच मला सांगितलं आणि शपथ घातली, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. दोन वर्षं मी तुमच्या शेजारी बसून जेवतेय. तुम्ही त्याला वाढ म्हणता आणि मी वाढते."

कोठीतून मेणबत्त्यांचा खडखडाट आला आणि थांबला. वर भिंतीवर करड्या जागेची कड पांढरी पडत चालली होती. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते गाठीकडे बघत होते. मग त्यांनी दातांनी गाठ सोडली, गुंडाळी उघडली आणि कागद तिच्यापुढे धरला. भोकाभोकांतून उजेड येत होता.

"लाव," ते म्हणाले. "वाळेल."

"हे ऐकूनसुद्धा?"

"मला ते नवीन नाही."

तिनं कागद घेतला नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, हे माणूस कुठल्या भिंतीवरून उतरून इथं बसलंय असं. मग ती परांचीवर चढली आणि थापीची धार मोकळ्या जागेत घातली. ओला गिलावा ढेकळांनी सुटला, खाली फरशीवर आपटला, बाबांच्या बुटांवर उडाला. मुकुटाखाली पुन्हा विटा दिसायला लागल्या. ती खरवडत राहिली, विटांच्या सांध्यांत अडकलेलंसुद्धा तिनं सोडलं नाही. बाबांनी तिला थांबवलं नाही. कागद त्यांच्या हातात फडफडत होता.

वर न बघता ते बोलायला लागले.

"मी खालीच होतो. जिन्याच्या खाली, नळावर. ब्रश धूत होतो. सगळं बघितलं. ती पडली तेव्हा मी धावायला हवं होतं. मी उभा राहिलो. वाटलं, पुढे गेलो तर त्याला विचारावं लागेल, आणि विचारलं तर तो खरं सांगेल. मग मी काय करणार होतो? तो खाली उतरला, तिची मूठ उघडली, किल्ली घेतली आणि गेला. त्यानं मला बघितलं नाही."

थापी थांबली.

"तिनं बघितलं," बाबा म्हणाले. "खाली पडल्या पडल्या तिनं मला बघितलं. तुला शपथ का घातली, तर मला काही कळत नव्हतं म्हणून नाही, पोरी. मला कळलंय हे तुला कळू नये म्हणून."