पावाचा डबा

"डबा वाजला की पोरीला पाण्यातून बाहेर काढत जा," पहारेकरीकाकांनी तिला बजावलं होतं. "माशाला पाव कुठला आणि बोट कुठलं ते कळत नाही."

ती हसली होती. "काका, हे मासे माणसाला घाबरतात. पुस्तकात आहे." तिच्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती आणि काकांकडे नुसती शिट्टी. पुस्तक खोटं नव्हतं. फक्त ते लिहिणाऱ्याने पावाला सोकावलेला मासा पाहिला नव्हता.

बेट एवढंसं, की केस धुवून चालायला निघालं तर ते वाळायच्या आत फेरी पुरी व्हायची. भोवती प्रवाळाचं कडं, आणि सगळंच राष्ट्रीय उद्यान. शिंपला उचलायचा नाही, नांगर टाकायचा नाही, माशांना खायला घालायचं नाही. तिचा नवरा गस्तीच्या लाँचचं इंजिन सांभाळायचा. ती जेट्टीवरच्या कचेरीत प्रवेशपत्रं द्यायची आणि आठवड्यातून एकदा होडी वल्हवत प्रवाळावर जाऊन मासे मोजायची. थोरले दीर काचेच्या तळाच्या लाँचमधून पाहुण्यांना फिरवायचे. नियम त्यांच्या लेखी पाटी रंगवण्यापुरता. प्रवाळावर पोचलं की ते पत्र्याचा डबा लाँचच्या कडेवर आपटायचे, टण टण टण, आणि पाव कुस्करून टाकायचे. जेवणाची घंटा झाल्यासारखे मासे धावत यायचे. सगळ्यांत पुढे एक हातभर लांबीचा, पिवळ्या कडांचा, सशासारखे दात असलेला मासा. बाकीच्यांना हुसकावून आधी तोच खायचा, म्हणून लाँचवाले त्याला मुकादम म्हणायचे.

त्या दुपारी तिची चार वर्षांची बिट्टी जेट्टीच्या पायरीशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. परतताना दिरांनी पाहुण्यांच्या हौसेखातर शेवटचा डबा वाजवला. मासे आले. बिट्टीने हात पुढे केला.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं.

चौकशीत दीर म्हणाले, "मी आयुष्यात माशाला कण घातला नाही. मासे आपले आपण येतात. आईचं लक्ष नव्हतं, त्याला मी काय करू?" उद्यानाच्या साहेबांनी अहवालात लिहिलं: पालकांचे दुर्लक्ष. खाली सही, शिक्का.

"थोरला भाऊ आहे," नवरा म्हणाला. "घरातलं घरात राहू दे."

"बोट घरातलं नव्हतं का?" तिने विचारलं. त्याने इंजिनाच्या डब्यात डोकं घातलं, ते जेवायलाच बाहेर काढलं.

तेव्हापासून ती दिवसातून दहादा मुलीची बोटं मोजायची. नऊ आणि अर्धं. हिशोब एकदाही बदलला नाही. झोपाळ्याची कडी, दाराची फट, कुत्र्याचं तोंड, सगळीकडे तिला दातच दिसायचे. पण भीती ही रोजची झाली की तिचं पाणी आटतं आणि खाली राग उरतो. तिला एकच हवं होतं: ज्या तोंडाने दीर खोटं बोलले, त्याच तोंडावर, चारचौघांत, त्यांनी आपटावं.

समुद्र खवळण्याच्या तीन महिन्यांत उद्यान बंद असायचं. लाँच किनाऱ्यावर ओढलेल्या, पाहुणे नाहीत, दीर आपली लाँच दुरुस्तीला घेऊन पलीकडच्या शहरात गेलेले. प्रवाळाच्या आत मात्र पाणी शांत. मासे मोजायला जायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती.

ती जावेकडे गेली. "ताई, तो पावाचा डबा आहे का घरात?"

जाऊ भांडी घासत होती. तिच्या कपाळावरचा उभा व्रण कशाचा, ते घरात कोणी विचारायचं नाही. तिने हात पुसले, फळीवरून डबा काढला, झाकण घट्ट बसवलं. "कशाला हवाय?"

"वाजवायला."

जावेने डबा तिच्या हातात दिला. "मोकळाच वाजवणार?"

"मोकळाच."

"मग जोरात वाजव," जाऊ म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

पहिल्या दिवशी तिने होडीच्या कडेवर टेकवलेल्या निळ्या वल्ह्यावर डबा आपटताच सगळे आले. तिने पावाऐवजी वल्हं उचललं आणि सपकन पाण्यावर मारलं. मासे उधळले. रोज सकाळी, रोज संध्याकाळी तेच. टण टण टण, आणि मग सपकन. माशांचा काय दोष, असं तिला वाटायचं. मग बिट्टी पेन्सिल कशी धरते ते आठवायचं आणि हात पुन्हा उठायचा. तिसऱ्या आठवड्यात लहान मासे डबा ऐकून लांबच थांबायला लागले. महिन्याभरात पळायला लागले. मुकादम तेवढा हटेना. वल्ह्याला चावायचा, होडीला धडका द्यायचा. त्याच्यावर तिचा राग नव्हता. दात त्याचे होते, चावा दिरांचा होता. अडीच महिन्यांनी एका सकाळी डबा वाजला आणि मुकादमाने पाठ फिरवली. ती होडीतच बसून राहिली. खूप दिवसांनी तिला कडकडून भूक लागली. दीर परतायच्या आत डबा जावेच्या फळीवर परत गेला.

उद्यान उघडलं त्या दिवशी दिरांच्या लाँचमध्ये तीस पाहुणे होते आणि एका मोठ्या सहल कंपनीचे साहेब. हंगामभराचे पाहुणे कोणाच्या लाँचला द्यायचे, ते साहेब ठरवणार होते. पहिल्या फेरीला उद्यानाचा माणूस सोबत लागतो. ती वही घेऊन मागच्या बाकावर बसली.

"आलात?" दीर म्हणाले. "या. बघा, काही मोजता आलं तर."

"मोजते ना, भाऊजी."

काचेखाली निळे, पिवळे, पट्ट्यांचे मासे निवांत चरत होते. पाहुणे गुडघे टेकून बघत होते.

"हे तर काहीच नाही, मंडळी," दीर म्हणाले. "माझ्या एका हाकेवर अख्खा समुद्र गोळा होतो." आणि त्यांनी डबा आपटला.

कोणी दिवा घालवावा तसा काचेखालचा रंग गेला. खाली वाळू आणि दगडासारखं प्रवाळ उरलं.

दिरांनी पुन्हा वाजवला. मग आणखी जोरात.

"तुमच्या हाकेला भारी मान आहे हो," एक काका म्हणाले.

"घरी पण असंच होतं का?" त्यांच्या बायकोने विचारलं. सगळी लाँच हसली. सहल कंपनीचे साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं.

दिरांचं कपाळ घामाने चमकत होतं. वाजवता वाजवता त्यांचा डावा हात सवयीने बाकाखालच्या पिशवीत गेला आणि मूठभर पाव पाण्यावर पडला. एक घास, दुसरा, तिसरा. "अरे या की," ते म्हणत होते. एक मासा आला नाही. पावाचे तुकडे काचेखालून फुगत, विरघळत गेले आणि तीस माणसांनी ते बघितले.

तिने वही उघडली. वेळ, जागा, पाव. मग हळूच विचारलं, "आयुष्यात कण घातला नव्हता ना, भाऊजी?"

त्यांनी पिशवी पायाने बाकाखाली सरकवली. तिला फार बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

दिरांचा परवाना आठवड्याभरात रद्द झाला. उद्यानाच्या साहेबांनी जुन्या अहवालातली ती ओळ खोडून शेजारी सही केली. पण त्याआधी, त्याच दुपारी, जेट्टीवर दिरांनी डबा उलटापालटा करून पाहिला. वल्ह्याच्या निळ्या रंगाचे ओरखडे होते त्यावर.

"हा कोणी दिला हिला?"

ती तोंड उघडणार, तोच जाऊ आपल्या चहाच्या टपरीतून बाहेर आली. "मी दिला. बिट्टी माझ्याही मांडीवर वाढली आहे."

दिरांनी डबा खाली ठेवला, अगदी सावकाश, आणि घराकडे चालू लागले. जाऊ टपरी बंद करून त्यांच्यामागे गेली. तिने जावेला थांबवायला हवं होतं. त्या वेळी ती जिंकल्याच्या धुंदीत होती.

पुढच्या महिन्यात नवऱ्याची बदली झाली. बेटावर पाऊल टाकलं तर दोन्ही भावांचं नातं संपलं, असा दिरांचा निरोप आहे. जाऊ दर रविवारी टपरीवरून फोन करायची. आवाज बारीक होत गेला होता. गेले तीन रविवार फोन आला नाही आणि नवरा म्हणतो, गर्दी असेल.

दिरांचं काय झालं, ते विचारायची तिला गरज नाही. जे झालं ते थोडंच झालं. पण तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात, तर जेट्टीच्या डाव्या हाताला हिरव्या दाराची टपरी आहे. चहा मागा. कपाळावर उभा व्रण असलेल्या बाईने आणून दिला, तर तिच्याशी चार शब्द बोला आणि ती मान वर करून उत्तर देते का, तेवढं बघा. दार बंद असेल तर परत फिरू नका. मागेच त्यांचं घर आहे, तिथवर जा, आणि ती स्वतः दारात येईपर्यंत कडी वाजवत राहा.